कुत्र्याला फिरवणं म्हणजे शी-शू उरकणं नाही

(दृश्य: सेमिनरी हिल्स, पहाटेचा रस्ता)

मे महिन्यात नागपुरात कुत्रा फिरवायचा तर पहाटेचीच वेळ, सात वाजले की ऊन चटके द्यायला लागतं आणि नऊनंतर तर विषयच संपला.

आता ही बीगल बघा. केव्हाची त्या एकाच खांबापाशी उभी आहे, मागून दादा पट्टा ओढून राहिला, "काऊन वं, चाल न आता, ऑफिस आहे मले," पण ती काही हलत नाही. जरा जवळून तिचं नाक बघा. नाकपुडीच्या बाजूला एक चीर दिसते ना, कुत्रा श्वास घेतो समोरून आणि सोडतो त्या चिरेतून बाजूला, त्यामुळे सोडलेली हवा समोरच्या वासात मिसळत नाही आणि नवीन वास आत येतच राहतो. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या आसपास, बीगलच्या नाकात 20 कोटींच्या वर. रात्रीतून इथून कोण गेलं, नर का मादी, ओळखीचा का नवा, हे सगळं ती त्या खांबावर शोधून राहिली. आपण मोबाईल बघत दोन किलोमीटर ओढत नेलं तर तिचे पाय थकतील पण डोकं रिकामंच राहील, म्हणून माझं म्हणणं आहे की फिरण्यातला निदान अर्धा वेळ तरी तिच्या नाकाच्या मर्जीनं जाऊ द्या.

मनीषनगर, बेसा, वर्धा रोड, सगळीकडे फ्लॅट झाले आणि फ्लॅटमध्ये कुत्रे आले. मग तक्रारी सुरू होतात, सोफा फाडला, चपला चावल्या, दिवसभर भुंकतो, सोसायटीच्या ग्रुपवर रोज मेसेज. घरचे म्हणतात कुत्रा बिघडला. अहो, बिघडला नाही तो, बऱ्याचदा नुसता कंटाळलेला असतो! (एकदम वागणं बदललं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, दुखणंही असू शकतं.) लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर गार पाण्यात उतरून काम करायचे, बॉर्डर कोली मेंढ्या वळायचा, आपले कारवान आणि मुधोळ जातीचे शिकारी कुत्रे सशामागे धावण्यासाठी सांभाळले गेले. पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेलं काम आहे ते आणि आपण त्याला 2 बीएचकेच्या गॅलरीत दहा मिनिटं उभं करून आत आणतो.

बंगलेवाल्यांचं वेगळंच. "आमचं आवार मोठं आहे, तो तिथंच फिरतो." नाही फिरत हो, गेटपाशी बसून असतो. तेच कुंपण, तेच वास. बाहेर न्यावंच लागतं.

(दृश्य: दुपार, रिकामा डांबरी रस्ता)

आता ऊन. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, आणि डांबर तर हवेपेक्षाही खूप जास्त तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे तळवे तिथं भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, म्हणून पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला आणि दाट केसांच्या हस्कीला इथं सगळ्यात जास्त जपावं लागतं. खूप धापा, घट्ट लाळ, जीभ लालभडक, चाल डळमळीत असं दिसलं की आधी सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, फॅन लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा, घरीच बरं होईल म्हणून थांबू नका.

मग दिवसभर करायचं काय? खेळा न त्याच्याशी! जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये पोळीचे तुकडे लपवा आणि "शोध" म्हणा, कूलरसमोर बसून अर्धा तास जातो त्याचा. रस्सीखेच खेळली की कुत्रा चावरा होतो असं काका लोक सांगतात, तसं काही नाही, फक्त "सोड" म्हटल्यावर सोडायला शिकवा. आणि एक गोष्ट नक्की बघा, पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून, शेपूट हलवत तो तुमच्यासमोर वाकतो ना, ते खेळायचं आमंत्रण असतं, दुसऱ्या कुत्र्यालाही तो असंच बोलावतो. तेवढ्या वेळी फोन बाजूला ठेवला तरी खूप झालं.

पिल्लाला मात्र सायकलमागे पळवू नका. मोठ्या जातींची हाडं वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर जिने आणि उंच उड्या बेतानंच. लसी पूर्ण व्हायच्या आधी कडेवर घेऊन अंबाझरी तलावाकडे एक चक्कर मारून आणा, हॉर्न, गर्दी, गाई, सगळं लांबून दिसू द्या. जेवल्याबरोबर पळवणंही टाळा, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

म्हातारा कुत्रा घरात असेल तर त्यालाही न्या. सांधे दुखत असतील तर एकच लांब चक्कर नको, दोन-तीन छोट्या करा, मातीवरून, आणि घरातल्या गुळगुळीत टाईल्सवर सतरंजी टाका म्हणजे दारापर्यंत येताना तो घसरणार नाही.