दोन पेट्या, एक पट्टी

मंडळी, डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, तुम्ही सगळेच बसलेले आहात. समोरासमोर दोन बुवा, दोघांच्या दोन पेट्या. बारी उभी राहण्याआधी दोघांनी एकाच वेळी पांढरी सहा दाबली, तर सूर एकच यायला हवा. पण एकीची पट्टी 440 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांची, आणि दुसरीची 442 असेल, तर तो सूर सेकंदाला दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो. पेटी बिघडलेली कुठलीच नाही. एकेकटी वाजवा, दोन्ही गोड लागतात.

आज मला एवढंच सांगायचंय. बाकी तपशील.

रेंज हवी तर सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर जा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मध्ये डोंगर आला की वाडी मुकी. मग सड्यावर दोन यंत्रं बसवायची, त्यांनी टॉवरचं ऐकायचं आणि खाली वाडीला पुन्हा सांगायचं. या मधल्या यंत्रांना रिले म्हणतात, आणि मिळून काम करण्याच्या या पद्धतीला सहकारी संदेशवहन. दोघांच्या लहरी जुळून पोचल्या तर ताकद एकाच्या चौपट. उलट्या पोचल्या तर शून्य! मदतीला दोघे आले आणि एकट्याने झालं असतं तेही बुडालं.

जुळत का नाहीत? प्रत्येक रिलेत क्वार्ट्झचा आपापला स्फटिक असतो, लहरीची पट्टी तोच ठरवतो. तुमच्या मनगटी घड्याळात असतो त्याच जातीचा. दहा लाखांत 20 ची चूक त्याला माफ असते. घड्याळात ही चूक दिवसाला पावणेदोन सेकंदांची, कोण विचारतो? पण 2.4 गिगाहर्ट्झवर तीच चूक 48,000 हर्ट्झ होते. पेट्यांचा फरक दोनाचा होता, हे ध्यानात घ्या. शिवाय दुपारी कातळ तापला की स्फटिक आणखी सरकतो.

एकच रिले असता तर सोपं होतं. रिसीव्हरने फरक मोजायचा आणि तेवढं उलटं फिरवायचं. तुमचा फोन हे सतत करतो. दोन रिले आले की पंचाईत. एकाचा फरक काढला की दुसऱ्याचा तसाच राहतो, कारण दोघांचे आवाज हवेतच मिसळून आलेले असतात. म्हणून प्रत्येक रिलेने आधी आपली ठरलेली खूण पाठवायची, दोघांच्या खुणा एकमेकींत न मिसळणाऱ्या. त्यावरून रिसीव्हर दोन्ही फरक वेगवेगळे मोजतो. ते रिलेंना कळवून त्यांच्याकडूनच सूर लावून घ्यायचा, की इथे बसून गणिताने सोडवायचं, यावर तज्ज्ञांत मतं आहेत. मला विचाराल तर पट्टी गाणाऱ्याने लावावी, ऐकणाऱ्याने नव्हे. पण कळवायलाही वेळ जातो, आणि शंभर हर्ट्झचा फरक उरला तरी पाच मिलिसेकंदांत लहर अर्धा फेरा उलटते.

एक गंमत सांगतो. रिले संदेश उलगडून नव्याने पाठवत असेल तर त्याच्या स्फटिकाची चूक पुढे जाते. पण नुसता मोठा करून त्याच फ्रिक्वेन्सीवर सोडत असेल, तर आत घेताना फ्रिक्वेन्सी खाली उतरवण्यात झालेली चूक त्याच स्फटिकाने ती पुन्हा वर चढवताना फिटते. अडाणी रिले इथे शहाण्यापेक्षा बरा. अर्थात तो मध्ये आलेला गोंगाटही तितक्याच निष्ठेने मोठा करतो.

मगाशी एकाने विचारलं, सर, जीपीएसवरून सगळ्यांची घड्याळं लावली तर? लावता येतात. उपग्रहांत अणुघड्याळं आहेत आणि सड्यावर आभाळ मोकळं आहे. खर्च वाढतो, एवढंच. पण समजा एक रिले देवगडच्या सड्यावर, दुसरा मिठबावच्या बाजूला, आणि होडी देवगडहून मिठबावकडे ताशी 18 किलोमीटरने निघालीय. स्फटिक अगदी बिनचूक धरा. तरी होडीवर मागचा सूर 40 हर्ट्झने उतरलेला आणि पुढचा 40 ने चढलेला पोचणार. हा 80 चा फरक कुठल्याच रिलेच्या घड्याळात नाही. तो होडीवरच्या रिसीव्हरलाच मोजावा लागतो, आणि तांडेलाने सुकाणू वळवलं की पुन्हा.