पराणीची आर आणि पन्नास रुपयांचा दंड

राम राम मंडळी.

(पराणी कॅमेऱ्यासमोर धरून) ह्या काठीच्या टोकाला खिळा दिसतोय का? ही पराणी, अन् त्या खिळ्याला म्हणायचं आर. आमच्या आजोबांची आहे. गाडी-ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनुसार असली काठी घेऊन बैल हाकणंच बेकायदा. अन् 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये! एवढ्यात धड वेसणसुद्धा येत नाही.

म्हणून दंड वाढवा ही मागणी रास्तच आहे. 2022 च्या दुरुस्ती मसुद्यात अतिक्रूर वागणुकीला 50 ते 75 हजार दंड, एक ते तीन वर्षं कैद असं सुचवलं होतं. मसुदा मसुदाच राहिला.

पण उद्या तो कायदा झाला, तर पहिला सापडणार कोण? बीडचा ऊसतोड गाडीवान बघा. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, मजुरी टनावर. भार कमी भरला तर उचल फिटत नाही. तेच 1965 चे नियम म्हणतात, दिवसाला नऊ तासांवर बैल जुंपू नका, पारा 37 च्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 गाडी बंद. मार्चमध्ये आमच्याकडं हे पाळून बघा! गाडी नंबरला उभी, पोरं पाचटावर झोपलेली, अन् हा घड्याळ बघत बसणार होय?

दुसरा पेच म्हाताऱ्या बैलाचा. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. थकलेला बैल हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेला तरी गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या 1960 च्या कायद्याचं कलम 11 सांगतं, दावणीला उपाशी ठेवला तर गुन्हा. विनाकारण सोडून दिला तरी गुन्हा. अन् दुष्काळात कडबा आणायचा कुठून? पोळ्याला पुरणपोळी चारणारा माणूसच अशा वेळी आरोपी ठरतो.

माझं मत विचाराल तर आर टोचणाऱ्याला, शेपटी पिरगाळणाऱ्याला जबर दंड लावा, माझी हरकत नाही. चाऱ्यापाण्याच्या गुन्ह्यात मात्र आधी नोटीस द्या, चारा छावणी उघडा, मग खटला भरा.

अन् गाडीत जादा भार भरण्याचं म्हणाल, तर पुरावा शोधत रस्त्यावर फिरायची गरजच नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं, पावती निघते. त्या पावतीवरचा आकडा कारखान्यालाही दिसतो, मुकादमालाही दिसतो. पोलिसांना मात्र कासरा धरलेला हातच दिसतो.