लेक्चर संपल्यानंतरचे विद्यापीठ

(दृश्य: फोर्ट. राजाबाई टॉवर, समोर ओव्हल मैदानावर चाललेले क्रिकेट.)

राजाबाई टॉवरच्या सावलीत मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी शोधायला गेलात, तर हाती फारसे कोणी लागणार नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला आणि १८७८ मध्ये पुरा झालेला हा मनोरा, शेजारचे दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय ही विद्यापीठाची ओळख खरी. पण विद्यार्थ्यांची वर्दळ या आवारात कधीच फारशी नव्हती. त्याचे कारण स्थापनेतच आहे. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ सुरू झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते, आणि पदवी अभ्यासक्रमापुरते बोलायचे तर आजही ते बहुतांशी त्यांच्याकडेच आहे. पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत आहेत, तेथे उपाहारगृह आहे, झाडे आहेत, चर्चाही आहेत. तरीही मुंबईतला पदवीचा विद्यार्थी स्वतःला विद्यापीठाचा म्हणवत नाही. कोणी रुईयाचा असतो, कोणी रुपारेलचा, कोणी झेवियर्सची, तर कोणी कीर्तीची.

या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरले आहे. मुंबईपुरते पाहिले, तर वसतिगृहात राहणारा विद्यार्थी अपवादानेच भेटतो. बाकीचे विरारहून, बदलापूरहून, पनवेलहून लोकलने येतात आणि लोकलनेच परत जातात. जेथे विद्यार्थी आवारातच राहतात, तेथे ओळखी मेसच्या रांगेत आपसूक होतात. मुंबईत शेवटचे लेक्चर संपले की घरी जाणारी गाडी असते, आणि ती सोडून द्यायला काहीतरी कारण लागते. वाङ्मय मंडळे, नाट्यसंघ, महोत्सवांच्या समित्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी कित्येक पिढ्यांना हे कारण पुरवले आहे. या शहरात विद्यार्थ्यांचा गट हा आवारातील जीवनाचा एक भाग नसतो. आवार म्हणून जे काही असते, ते त्या गटामुळेच असते.

(दृश्य: माटुंगा. स्टेशनच्या पुलावरून उतरणारी गर्दी, मग रुईयाचा नाका.)

माटुंग्यात हे फार स्पष्ट दिसते. रुईया महाविद्यालय १९३७ चे, पोदार १९४१ चे. खालसा, व्हीजेटीआय, रसायन तंत्रज्ञान संस्था आणि एसएनडीटीचे महाविद्यालय हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर. वर्गखोल्या लेक्चरने भरलेल्या आणि मंडळाला स्वतःची खोली असलीच तर कपाटाएवढी, त्यामुळे बैठका भरतात त्या कट्ट्यावर, नाक्यावर आणि उडुपी उपाहारगृहातील चौघांच्या टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांमध्ये. एक डोसा, दोन कॉफी आणि तासभराची चर्चा हा तेथील रिवाज असून वेटरही तो जाणून असतात. कट्टा म्हणजे वेळ वाया घालवण्याची जागा, असे पालकांचे मत असते, आणि ते अगदीच चूक नाही. पण एकांकिकेसाठी लेखक कोण, महोत्सवाची वर्गणी किती, नव्या मुलांपैकी कोण गाते, असे निर्णय तेथेच होत आले आहेत.

विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याची ही परंपरा विद्यापीठाहूनही जुनी आहे. १८४८ मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधी, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी, एवढाच मूळ हेतू होता. पुढे मराठी आणि गुजराती भाषांत हे काम चालावे म्हणून ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींसाठी शाळा उघडल्या. सुरुवातीला त्या शाळांत सभासदच विनावेतन शिकवत असत. ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणे हेच घरात भांडणाचे निमित्त होते, त्या काळात निबंधवाचनासाठी जमलेल्या विशी-बाविशीच्या मुलांनी वर्षभरात एवढी मजल मारली, हे आजच्या कोणत्याही मंडळाच्या वार्षिक अहवालाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

(दृश्य: संध्याकाळ. रिकामा वर्ग, भिंतीला लावलेले बाक, फरशीवर खडूने आखलेल्या रेषा.)

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या महाविद्यालयांत एकांकिकांचा हंगाम सुरू होतो. विद्यापीठाचा युवा महोत्सव, आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, २०१४ पासून लोकसत्ता लोकांकिका आणि त्यांच्या आगेमागे गावोगावच्या करंडकांच्या स्पर्धा, असा हा पल्ला थेट जानेवारीपर्यंत जातो. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट उजाडेपर्यंत चालते. वर्षभरात इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिकाच तेथे उतरतात.

आता पडद्यावर दिसणाऱ्या वर्गात दुपारपर्यंत अर्थशास्त्राचे लेक्चर चालू होते. बाक भिंतीला लागले आहेत, खडूच्या रेषेने दार कोठे आणि खिडकी कोठे हे ठरले आहे, आणि जी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंचवटा, अजून सुताराकडून आलेली नाही तिच्या जागी प्राध्यापकांचे व्यासपीठ ओढून आणले आहे. दिग्दर्शन करणारा मुलगा तीन वर्षांपूर्वीच पदवी घेऊन बाहेर पडला. तो ऑफिस सुटल्यावर येतो, म्हणून तालीम सहानंतर रंगते. पहिल्या वर्षाची मुले बॅकस्टेजला आहेत. त्यांना संवाद नाहीत, पण कोणत्या वाक्याला कोणती खुर्ची उचलायची हे नटांपेक्षा त्यांना अधिक चोख पाठ असते. साडेआठ वाजता दारात किल्ल्यांचा जुडगा वाजतो. शिपायांना येथे सगळे मामा म्हणतात. "मामा, फक्त शेवटचा प्रवेश, दहा मिनिटं," अशी विनवणी होते. "काल पण दहाच म्हणाला होतास," असे म्हणत मामा दारातच स्टुलावर बसतात आणि शेवटचा प्रवेश पुरा पाहूनच उठतात.

स्पर्धेच्या दिवशी हे सारे एका टेम्पोत भरले जाते. नेपथ्य लावायला आणि उतरवायला ठरावीक मिनिटे मिळतात, आणि घड्याळाच्या या धाकाखाली पडद्यामागे जे चालते ते बहुधा पडद्यासमोरच्या नाट्याला हार जात नाही. प्रेक्षागृहात "अरे आवाज कुणाचा?" अशी आरोळी उठते, उत्तरादाखल महाविद्यालयाचे नाव गर्जते, आणि प्रतिस्पर्धी गट त्याहून वरच्या पट्टीत तोच प्रश्न विचारतो. परक्या माणसाला हा गोंगाट असभ्य वाटू शकेल. पण तिसरी घंटा झाली की तेच प्रेक्षागृह चिडीचूप होते, आणि दुसऱ्या महाविद्यालयाच्या चांगल्या जागेला मनापासून टाळी देते. मराठी रंगभूमीला, दूरचित्रवाणी मालिकांना आणि चित्रपटांना नट व लेखक पुरवणारी ही वाट आहे, हे सर्वजण सांगतात. मात्र बॅकस्टेजला राबून पुढे बँकेत किंवा शाळेत नोकरीला लागलेल्या आणि दरवर्षी न चुकता तिकीट काढून अंतिम फेरीला येणाऱ्या शेकडो जणांनी ही वाट राखली आहे, असे आम्हाला वाटते.

युवा महोत्सवाचे स्वरूप याहून व्यापक आहे. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला अशा विभागांत, समूहगीतापासून मूकाभिनयापर्यंत आणि वक्तृत्वापासून मातीकामापर्यंत स्पर्धा होतात. आधी विभागवार प्राथमिक फेऱ्या, मग अंतिम फेरी अशी रचना असल्याने सावंतवाडीचे लोकनृत्य आणि चर्चगेटचे लोकनृत्य एकाच मंचावर पाहायला मिळते. विद्यापीठ नावाची गोष्ट विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसण्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक होय.

(दृश्य: महोत्सवाचे प्रवेशद्वार, फलक, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले स्वयंसेवक.)

महोत्सवांचे जग वेगळे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा मल्हार १९७९ पासून ऐन पावसाळ्यात भरतो. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो त्याहून जुना, १९७१ चा. आयआयटी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येत नाही, पण डिसेंबरअखेरच्या त्या गर्दीत विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील मुले मोठ्या संख्येने असतात. या जगाची स्वतःची भाषा आहे: यजमान महाविद्यालयाची ओसी, म्हणजे आयोजन समिती, पाहुण्या संघाचा सीएल, म्हणजे संघप्रमुख, आणि परीक्षकांना महाविद्यालय ओळखू येऊ नये म्हणून दिलेला सीसी, म्हणजे सांकेतिक नाव. सीएल होणे हा मान असतो. चाळीस-पन्नास जणांचा संघ जमवायचा, कोणाला कोणत्या स्पर्धेत उतरवायचे ते ठरवायचे, गुणांचा हिशेब ठेवायचा आणि ऐनवेळी आजारी पडलेल्या नर्तिकेच्या जागी कोणाला तरी उभे करायचे, हे सारे त्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर चालते.

पैसा प्रायोजकांकडून येतो. त्यासाठी वेगळी समिती असते, आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच कंपन्यांच्या पायऱ्या झिजवू लागते. प्रायोजकाचा फलक मंचाच्या किती जवळ लागणार यावर अर्धी बैठक खर्ची पडते, हे या महोत्सवांचे झाकता न येणारे वास्तव आहे. व्यवहार शिकण्यात गैर काही नाही. फक्त ज्या महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांची मोठ्या कंपन्यांत ओळख नाही, त्यांचा महोत्सव जिद्द असूनही छोटाच राहतो.

भाषेची एक रेघही येथे दिसते. मोठ्या महोत्सवांचा कारभार बहुतांशी इंग्रजीत चालतो. लालबाग किंवा डोंबिवलीच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी पहिल्या महिन्यात या बैठकांत गप्प बसते, आणि मराठी वाङ्मय मंडळात तीच पहिल्यांदा हात वर करते. भित्तिपत्रकाला कविता देणे, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे सूत्रसंचालन करणे, पाहुण्या लेखकाला स्टेशनवरून घेऊन येणे अशा कामांतून तिचा आवाज मोकळा होतो. पुढे तीच मुलगी महोत्सवाच्या समितीतही दिसते, आणि तेव्हा तिला कोणत्याही एका भाषेचे दडपण उरलेले नसते. अशा मंडळांना जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी त्यांचे हे काम लक्षात घेतलेले नाही.

(दृश्य: पालघर जिल्ह्यातील ओढा. गोण्यांची माळ, चिखलात उभे विद्यार्थी.)

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशभरातील विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अशी तिची रचना आहे. मुंबईतील स्वयंसेवक विसर्जनाच्या दिवशी चौपाट्यांवर निर्माल्य गोळा करताना दिसतात. पण त्यांच्या आठवणीत राहते ते शिबिर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचे, हातोहात पुढे द्यायच्या आणि ओढ्यात वनराई बंधारा घालायचा, असे काम दिवसभर चालते. रात्री शाळेच्या खोलीत सतरंज्यांवर सगळे शेजारी शेजारी झोपतात. एरवी एकमेकांना फक्त लेक्चर ते लोकल एवढ्याच वेळात पाहणाऱ्या या मुलांचे सलग सात दिवसांचे सहजीवन तीन वर्षांत बहुधा एवढेच असते.

लेक्चरनंतर थांबण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले, आणि त्या विद्यार्थ्यांची स्वतःची विद्यार्थी संसदही तेथे होती. आजही वाणिज्य शाखेची कितीतरी मुले सकाळी सातचे लेक्चर करून सीएच्या आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सक्तीच्या उमेदवारीसाठी, ऑफिस गाठतात. मुलींच्या बाबतीत घड्याळ आणखी कडक असते. तालीम लांबली की गट आपोआप रेल्वेमार्गांनुसार विभागतो: वेस्टर्नवाले, सेंट्रलवाले, हार्बरवाले. कोणती मुलगी कोणाबरोबर कोठपर्यंत जाणार हे ठरल्याशिवाय तालीम सुटत नाही, आणि शेवटची मुलगी घरी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत गटाचा व्हॉट्सॲप जागा असतो.

मंडळांचे महत्त्व वाढण्याचे आणखी एक कारण राजकीय आहे. निवडणुकांतील हिंसाचारानंतर महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका थांबल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेनुसार नेमणुका करण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, तरी २०१९ मध्ये त्या विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. परिणामी मंडळाचा प्रमुख कोण, हे मावळती समिती आणि प्रभारी प्राध्यापक मुलाखत घेऊन ठरवतात. त्यातून कार्यक्षम मुले पुढे येतात, हे मान्य करावे लागेल. पण आपल्याला मत का द्यावे, हे वर्गमित्रांसमोर उभे राहून सांगण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही, आणि ही उणीव आम्हाला किरकोळ वाटत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात आता सेवा योजना, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रम यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. आजवर हौसेने होणाऱ्या कामाची नोंद होईल, ही त्यातील चांगली बाजू. मात्र श्रेयांक आले की हजेरीपत्रक येते. पाच आठवडे खुर्च्या उचलणाऱ्या मुलाचे किती तास धरायचे आणि नायकाचे किती, हे प्रभारी प्राध्यापकांना लिहून द्यावे लागेल. आणि लहान महाविद्यालयांत सेवा योजना, सांस्कृतिक विभाग व परीक्षेचे काम बऱ्याचदा एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात असते.