पुलाखाली किती झालं?

(दृश्य : आयर्विन पूल, भरलेली कृष्णा)

जुलैत पावसाची झड लागली की सांगलीत चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न असतो : "पुलाखाली किती झालं?" इथं इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली, तेव्हा कित्येक घरांच्या भिंतींची ओलही नीट गेली नव्हती.

हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग महिन्याचा पाऊस घाटमाथ्यावर चार दिवसांत कोसळतो. नदीकाठची बांधकामं आहेतच. सगळं खापर आभाळावर फोडता येत नाही.

(दृश्य : भिंतीवर पाण्याची रेघ)

पूर ओसरल्यावर झोप उडणं, धडधड, चिडचिड हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू निवतंही. महिना उलटूनही पत्र्यावर सर वाजली की दरदरून घाम फुटत असेल, माणूस नदीकडचा रस्ताच टाळत असेल, तर डॉक्टर गाठावा. "सांग सगळं, मोकळा हो" म्हणून खोदून विचारू नये. त्यानं त्रास वाढू शकतो. आधी कोरडी जागा, झोप, फोनला चार्जिंग आणि पंचनाम्याचे कागद. निम्मा घोर त्या कागदांचाच असतो.

मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर १५ दिवसांच्या जास्तीच्या, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवाव्यात. गोळ्या भिजतात, एकदम बंद पडतात आणि आजार उलटतो.

(दृश्य : तासगाव, द्राक्षबाग)

इथं भीती संथ. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की दावण्या, घडकुज असे रोग. फवारणीमागून फवारणी, वर कर्ज. गडी जेवायचा बंद होतो, गप्प बसतो. अशा वेळी "जगणं नकोसं वाटतंय का?" असं सरळ विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घरातून हलवाव्यात, कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, कारण जीव द्यायच्या विचाराची ती लाट बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

(दृश्य : दारामागं चिकटवलेला कागद)

नदीकाठच्या घरांनी किती फुटांना काय हलवायचं ते मे महिन्यातच लिहून ठेवावं. पातळी सकाळ-संध्याकाळ एकदाच पाहावी, रात्रभर ग्रुप चाळू नये. कागदावर पहिली ओळ जनावरांची. म्हशीपायीच माणसं मागं राहतात.