गावचं नाटक आणि मुंबईतली खोली

गावच्या नाटकाचा विषय निघाला की माणसं फजितीपासूनच सुरुवात करतात. भीमाची मिशी गळाली, द्रौपदीला विंगेत विडी ओढताना पोरांनी पाहिलं, प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी शेवटच्या रांगेत पोचला. हे सगळं घडतं. गंगाराम गवाणकरांनी याच ऐवजावर 'वस्त्रहरण' लिहिलं आणि १९८० पासून मच्छिंद्र कांबळींनी त्यावर अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. गवाणकर मूळचे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे, म्हणजे त्यांनी हे लांबून बघून लिहिलेलं नाही. हसणाऱ्यांत आम्ही गाववालेच पुढे होतो. पण शहरातल्या प्रेक्षकाच्या डोक्यात तेवढंच राहून गेलं: गावचं नाटक म्हणजे फजिती. मला आज दुसरीकडून बोलायचं आहे. नाटक ठरतं कधी, बसतं कुठे आणि पैसे कोण मोजतं? रत्नागिरी जिल्ह्यापुरतंच बोलतो. खाली सिंधुदुर्गात दशावतार आहे, त्याच्या कंपन्या आहेत, त्यांचा धंद्याचा हिशेब निराळा.

तारीख देव ठरवतो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती भात ठरवतं. मिरग लागला की दिवाळीपर्यंत रंगमंचाचं नाव कोणी काढत नाही. गणपतीत जाखडी असते, म्हणजे गोलात फेर धरून केलेला नाच, पण ती अंगणात नाहीतर ओटीवर, पावसाकडे एक डोळा ठेवून. कापणी झाली, मळा मोकळा झाला, की देवदिवाळीपासून खरा हंगाम. शिमगा नमन-खेळ्यांचा. पालखी घरोघर फिरते, खेळे गावोगाव जातात, मृदंग आणि झांजेवर गण होतो, गवळण होते, संकासुराचं सोंग येऊन पोरांना पळवतं आणि उत्तररात्री वगनाट्य उभं राहतं. तीन अंकी नाटक त्यानंतरचं. हनुमान जयंतीला, नाहीतर मे महिन्यात गावकीच्या सत्यनारायणाच्या पूजेला. का मे? कारण तेव्हा पोरांच्या शाळांना सुट्टी असते आणि मुंबईला नोकरी करणारा चाकरमानी बायकापोरांसकट गावात असतो.

आता चाकरमान्याकडे येऊ, कारण माझं मुख्य म्हणणं त्याच्याबद्दलच आहे. गावचं नाटक गावात बसतं हा गैरसमज आहे. निदान गिरण्या चालू होत्या तोवर ते निम्मं लालबाग-परळ-शिवडीत बसायचं. एकेका गावाची मुंबईत खोली असे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. त्याच खोलीत 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' यांची सभा, वर्गणीची वही आणि ट्रंकेत नाटकाची पुस्तकं. तालमी व्हायच्या चाळीच्या गच्चीवर. पाळ्यांमुळे सगळी पात्रं एका वेळी हजर असणं दुर्मीळ, म्हणून एकेका प्रवेशाची तालीम तुकड्यातुकड्यांनी. गावात राहिलेल्यांकडे खलनायकाचा हस्तक, म्हातारा नोकर, दरबारातले मानकरी अशी कामं दिलेली असत. त्यांची नक्कल पत्रातून जायची. नक्कल म्हणजे फक्त आपली वाक्यं आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोन शब्द, एवढाच कागद. त्या माणसाला नाटकाची गोष्ट पूर्ण कळायची ती प्रयोगाच्या आदल्या दिवशी, मुंबईकर एसटीतून उतरल्यावर.

समीक्षक अशा नाटकाला 'ढोबळ अभिनय' म्हणतात. अहो, समोरचा माणूस काय बोलणार आहे हेच ज्याला काल कळलं, तो सूक्ष्म अभिनय कुठून करणार? त्याला मोठ्याने बोलणं आणि ठाम उभं राहणं एवढंच शक्य होतं, आणि ते तो चोख करायचा.

नाटकाची निवडही याच हिशेबाने. माणसं किती येणार, रजा किती मिळणार, मळ्यातल्या मंचावर सेट बदलता येणार का. शाळेची बाकं जोडून, वर फळ्या टाकून केलेला मंच. त्यावर दिवाणखाना एकदा लागला की लागला. म्हणून एकाच सेटची नाटकं हवी असत. बायकी पार्ट करणारा मिळाला नाही तर 'स्त्रीपात्रविरहित' अशी जाहिरात करणाऱ्या पातळ पुस्तकांकडे वळायचं. अशी पुस्तकं खास हौशी मंडळांसाठी छापली जायची. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा नाही. मला विचाराल तर बरीचशी सामान्यच होती. पण प्रवेश कुठे संपवायचा आणि पोशाख बदलायला नटाला किती वेळ द्यायचा, हे त्या लेखकांना चांगलं कळायचं.

पुढे नटी बाहेरून आणायची पद्धत पडली. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण या बायकांबद्दल कोणी बोलत नाही. हंगामात त्यांच्या रात्री ठरलेल्या असत. आज या गावात एक नाटक, परवा दुसऱ्या तालुक्यात दुसरं. दुपारी एसटीने यायचं, कोणाच्या तरी माजघरात जेवायचं, संध्याकाळी एक रंगीत तालीम आणि रात्री प्रयोग. अनेक नाटकं त्यांना मुखोद्गत. नायक झालेला आमचा गिरणीकामगार प्रेमाच्या प्रवेशात तिच्यापासून चार हात लांब उभा, कारण समोर सगळी भावकी आणि पहिल्या रांगेत आई बसलेली. ती बाई बोलता बोलता त्याला उजेडात ओढून आणायची, तो वाक्य विसरला तर स्वतःच्या वाक्यात त्याचं वाक्य घालून प्रवेश पुढे न्यायची. त्या मंचावर व्यावसायिक म्हणावं असं माणूस ती एकटीच होती. गावाने तिला काय दिलं? ठरलेली बिदागी, नारळ आणि दुसऱ्या दिवशी नळावर कुजबूज. ज्या गावात आज शाळेतल्या मुली आणि सुना गॅदरिंगमध्ये बिनदिक्कत कामं करतात, तिथे त्यांच्याआधी मंचावर उभी राहिलेली बाई कोण होती, हे त्या गावाने एकदा आठवून पाहावं.

आता पैसे. ड्रेपरी, म्हणजे पोशाख, भाड्याची, पडदे भाड्याचे, आधी पेट्रोमॅक्स आणि मग जनरेटर भाड्याचा. वर्गणीतून हे निघायचं, पण खरी भर पडायची ती बक्षिसांतून. नाटक रंगात आलेलं, संभाजी महाराज औरंगजेबासमोर उभे, आणि माइकवरून आवाज: "आमचे ग्रामस्थ, हल्ली मुक्काम घोडपदेव, यांजकडून संभाजीच्या कामावर खूश होऊन अकरा रुपये! मंडळ आभारी आहे!" साखळदंडातले संभाजी महाराज हात जोडणार आणि मग पुन्हा बाणेदार उत्तर देणार. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे बघून शरम वाटते. मला वाटत नाही. अकरा रुपये देणारा माणूस वर्षभर अशा शहरात राहतो, जिथे त्याचं नाव हजेरीच्या पुस्तकाबाहेर कोणी घेत नाही. इथे त्याचं नाव, वडिलांचं नाव, वाडीचं नाव सगळ्या गावासमोर पुकारलं जातं. ते ऐकायला तो एसटीत उभ्याने आलेला असतो. यातूनच देवळाचं छप्पर झालं, शाळेची खोली झाली. काही मंडळं तर हीच नाटकं आणि नमनं मुंबईला परळच्या दामोदर नाट्यगृहात लावायची, तिकिटं आपल्याच माणसांच्या गळ्यात मारायची आणि उरलेला पैसा गावी पाठवायची. ती १९२२ ची वास्तू आता पाडली गेली. तिथे मोठमोठ्या नटांनी कामं केली हे लिहिलं गेलं आहे. आमच्या वाड्यांनीही केली, तेवढं मी इथे सांगून ठेवतो.

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. राजाचं काम कोणाला, यावर भावकीत वर्ष-वर्ष अबोला चालायचा. मंचापुढची पहिली रांग मानकऱ्यांची. आणि ज्या देवळापुढे नाटक व्हायचं, त्या देवळाशी सगळ्या वाड्यांचं नातं सारखं नव्हतं. बौद्धवाडीने आपलं नाटक वेगळं केलं: १४ एप्रिलला, नाहीतर बुद्धपौर्णिमेला. मंच त्यांचा, वर्गणी त्यांची, मुंबईचं मंडळही त्यांचं. एका गावात एकाच हंगामात दोन नाटकं, आणि एकाचे नट दुसऱ्याच्या मागच्या रांगेत उभं राहून बघायचे. 'गाव एक होतं' असं भाषणांतून ऐकू येतं तेव्हा मला ती मागची रांग आठवते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ कोकणातले होते. कितीतरी जण कायमचे गावी परतले. तुम्हाला वाटेल, माणसं गावात आली म्हणजे नाटकाला बरंच झालं. माणसं होती, वर्गणी नव्हती. बक्षीस द्यायला खिशात अकरा रुपये नसले की माणूस नाटकाला यायचंही टाळतो. खोल्या हळूहळू विकल्या गेल्या, मुलं विरार-नालासोपारा-दिव्याला पांगली. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गावी येणं सोपं झालं, पण सोपं झाल्यामुळे लोक दोन दिवसांसाठी येऊ लागले. दोन दिवसांत पूजा होते, आर्केस्ट्रा होतो. नाटकाची तालीम होत नाही.

तरी ते चालू आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. नमनाची मंडळं तर वाढली असावीत असं माझं निरीक्षण आहे. नाटकाचं रूप बदललंय. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, असा नियम आला. मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळते. जे नाटक पूर्वी जेवणं उरकून अकराला उघडायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालायचं, ते आता सातला सुरू करावं लागतं. तीन अंकांचे दोन झाले, गाणी गेली. तालमी व्हॉट्सॲप कॉलवर होतात, म्हणजे पत्रातून जाणाऱ्या नकलेची ती पुढची पायरी. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांना दुःख होतं त्यांनी यंदा तालमीला रजा काढावी.

बक्षिसं मात्र कापता आलेली नाहीत. एका मंडळाने ठरवून पाहिलं, सगळी नावं मध्यंतरात एकदम वाचू. देणारे नाराज झाले. रक्कम आता फोनवरून येते, मंचाच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. पण नाव आपल्या आवडत्या प्रवेशाच्या मधोमधच पुकारायला हवं असतं. बाराच्या आत पडदा पाडायचा आणि यादीत साठ नावं, यातून वाट काढणं हे आजच्या दिग्दर्शकाचं मुख्य काम आहे. तुमच्यापैकी कोणी ते करत असेल तर कसं जमवता ते सांगा. प्रश्न नंतर घेऊ.