गळणारं नाक आणि पळणारी लेकरं

(परभणीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, त्यांचे पालक आणि सकाळचे सायकलवाले यांच्यासमोर एका क्रीडाशिक्षकांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महोदय, मंडळी आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकरांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'हिवाळ्यातला व्यायाम आणि नाकाचं कार्य'. नाकाचं कार्य मी सांगणार आहेच. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात साचलीय, ती आधी बोलू द्या.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या परभणीचा पारा राज्यभरच्या पेपरांत गाजतो. आकडा कृषी विद्यापीठातला असतो आणि काही वर्षी तो 5 अंशांच्याही खाली गेलेला आहे. त्या गारठ्यात, उजाडायच्या आत, आपली लेकरं मैदानावर हजर असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. आणि पहिली फेरी संपायच्या आत प्रत्येकाच्या नाकाला धार लागलेली असते. प्रत्येकाच्या म्हणतो मी. धडधाकट पोराच्याही, फौजदाराच्याही, झिरो फाट्यापर्यंत सायकल मारून येणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्याही. तरी आपण घरी काय म्हणतो? "सर्दी झाली, उद्यापासून पळायला जायचं नाही." नाहीतर, "शी, पूस ते नाक!" एक तर आजार, नाहीतर लाज. तिसरं काही असू शकतं हे आपल्याला सुचतच नाही.

पूर्णा तालुक्यातली एक मुलगी इथं खोली करून राहत होती. नाव, गाव सांगत नाही. दिवाळीपर्यंत ती पुढच्या घोळक्यात पळायची. थंडी वाढली तशी मागं पडायला लागली. मला वाटलं, जेवणाची आबाळ होत असेल, रक्त कमी असेल. म्हणून एके दिवशी मैदानाच्या पलीकडच्या वळणावर, लिंबाच्या झाडांपाशी जाऊन उभा राहिलो. ती वळणावर आली, वेग कमी केला, मान भिंतीकडं फिरवली, ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि पुन्हा धावायला लागली. पुढच्या फेरीला तेच. आणि त्या दोन वळणांच्या मधे काय, तर नाक वर ओढायचं आणि ओठ घट्ट मिटून ठेवायचे. आठशे मीटर पळणाऱ्या माणसानं तोंड मिटून पळायचं! नाक पाण्यानं भरलेलं, तोंड बंद, मग हवा जाणार कुठून?

विचारलं, "कामून मागं पडायलीस?" तर "काही नाही सर." तिची मैत्रीण बोलली, "सर, तिचं नाक गळायलंय अन् पोरं हसायलेत." त्यात घरच्या कुणीतरी ऐकवलेलं होतं की, शेंबडं तोंड घेऊन चारचौघांत पळती का.

मला फार वाईट वाटलं. आपले म्हातारे खांद्यावर पंचा टाकून शेतात जातात, नाक आलं की त्यालाच पुसतात. त्यांना कुणी हसत नाही. मग भरतीच्या पोरीनंच का लपवायचं?

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच मनगटाला सुती कापडाची पट्टी बांधून मैदानात गेलो आणि सांगितलं, उद्यापासून पट्टी बांधल्याशिवाय कुणी पळणार नाही, मुलंसुद्धा. त्या मुलीनं आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणल्या. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं कापड. बाजारातल्या नव्या रुमालानं नाकपुड्या सोलून निघतात, जुन्या लुगड्यानं नाही. आठवडाभरात हसणं बंद झालं, कारण हसणाऱ्याच्याही हाताला पट्टी होती. ती पुन्हा पुढच्या घोळक्यात पळायला लागली. आज कुठं आहे, ते तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

आता दुसरी तक्रार. भरती जवळ आली की काही पोरं औषधाच्या दुकानातून नाक मोकळं करायचे थेंब आणतात आणि दुकानदार न विचारता देतो. या थेंबांनी नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. चोंदलेल्या नाकाला ते दोन-तीन दिवस ठीक. तुमचं नाक चोंदलेलं नाही, वाहतंय. एका पोरानं ते महिनाभर रोज टाकले. मग थेंब टाकल्याशिवाय नाक उघडेना, रात्री झोपेना. थेंबांचा असर उतरला की आतली सूज दुपटीनं परत येते, आणि माणूस पुन्हा थेंब टाकतो. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी ते सोडवलं, पण त्यात त्याचा सरावाचा ऐन काळ गेला.

आणि गोळ्या? 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या आंद्रिया रादुकान या सोळा वर्षांच्या मुलीनं जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्ण जिंकलं. संघाच्याच डॉक्टरनं तिला सर्दीची गोळी दिली होती, त्यात स्यूडोएफेड्रिन हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध होतं. पदक काढून घेतलं. त्या लेकराचा काय दोष? आजही स्पर्धेच्या वेळी लघवीत ते एका मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं तर खेळाडू अडकतो. राज्य पातळीवर उतरणाऱ्या सायकलवाल्यांनी हे लिहून ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता पळतच सांगावा लागणार.

नाक म्हणजे उन्हाळ्यातली वाळ्याची ताटी, ओली असेल तरच कामाची. फक्त इथं हवा गार करायची नसून गरम करायची असते. बाहेर 8 अंशांची कोरडी हवा असली तरी फुप्फुसापर्यंत जाताना ती अंगाइतकी, 37 अंशांच्या आसपास उबदार आणि पूर्ण दमट व्हायला हवी. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात पळणारा शंभरच्या घरात जातो. एवढ्या हवेला ओल कुठून द्यायची? गार, कोरडी हवा आतल्या अस्तराला लागली की मज्जातंतू ग्रंथींना कामाला लावतात आणि पातळ पाणी सुटतं. त्यात बाहेर पडणारा ऊबदार श्वास नाकाच्या गार शेंड्यापाशी थंडावतो, त्यातली वाफ तिथंच पाणी होऊन ठिबकते. सायकलवाल्यांचं आणखी एक. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं आणि डोळ्यांतून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते, ते पाणीही नाकातूनच गळतं. म्हणून साधा चष्मा लावला तरी फरक पडतो.

पळताना नाक आतून मोकळंच होतं, कारण व्यायामात तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे वाट मोकळी आणि पाणी जास्त, दोन्ही एकाच वेळी. मैदान सोडून घरात आल्यावर अर्ध्या तासात थांबलं, ताप नाही, घसा दुखत नाही, तर ती सर्दी नव्हे. शिंकांवर शिंका, डोळ्यांना खाज असेल तर ॲलर्जी बघा. मळणीचा भुस्सा आहे, जिनिंगच्या रस्त्यावरची सरकीची धूळ आहे आणि बांधाबांधावर गाजर गवत आहे. पुण्यात 1955 च्या सुमारास आढळलेलं हे गवत आज आपल्या मैदानाच्या कडेलाही उभं आहे. ते आपण सगळे मिळून फुलोऱ्याआधी उपटू, हातमोजे घालून.

आता करायचं काय. थंडीत तोंड-नाकावर पातळ सुती कापड गुंडाळा, श्वासाची ऊब आणि ओल त्यात टिकते. आधी पाच-सात मिनिटं हळू पळून मग वेग वाढवा. शिंकरताना एक नाकपुडी दाबा, दुसरी हलकेच मोकळी करा. दोन्ही दाबून जोर लावला तर कानात दडे बसतात आणि घाण सायनसमध्ये ढकलली जाते. सायकलवर असाल तर आधी मागं बघा, वारा कुठून आहे ते बघा, मग मान खाली करून रस्त्याच्या कडेला. घोळक्यात असाल तर शेवटी जाऊन. सायकलच्या हातमोज्यांवर अंगठ्यापाशी टॉवेलसारखं कापड असतं, ते घाम आणि नाक पुसायलाच आहे. ते हातमोजे आणि मनगटाची पट्टी रोज धुवा, आणि पुसलेल्या हातानं डोळे चोळू नका. नाकाखाली कातडी सोलत असेल तर निघण्याआधी व्हॅसलिनचं बोट फिरवा. एवढं करूनही पाणी आवरत नसेल तर ग्रंथींचं पाणी कमी करणारा फवारा मिळतो, पण तो डॉक्टरांनी लिहून दिला तरच.

एक शेवटचं, आणि हे सायकलवाल्यांनी नीट ऐका. पडलात, डोक्याला मार लागला आणि नंतर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखं गळायला लागलं, वाकलं की वाढतंय, तर ते नाकाचं पाणी नसू शकतं. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. शिंकरू नका, घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि तिथं गेल्यावर "सर्दी झालीय" म्हणू नका, "सायकलवरून पडलो होतो" हे आधी सांगा.