सतराव्या होलसमोरचा चार

श्रोतेहो, नमस्कार.

दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर कसा ठेवतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज एक लिटर, उद्या पाहुणे म्हणून दोन, परवा खाडा. महिनाअखेरीला दूधवाला त्याची वही काढतो, आपण कॅलेंडर काढतो, दोन्ही जुळलं की पैसे चुकते. आता समजा, तुमचं कॅलेंडर दूधवाल्यानं भरायचं आणि दूधवाल्याची वही तुम्ही. महिना संपला की कागदांची अदलाबदल करायची, आपापला कागद वाचायचा आणि खाली सही करायची. सही करून उठलात की मग त्यात काही बदलायचं नाही, निदान अलीकडेपर्यंत तरी. व्यावसायिक गोल्फमधला हिशेब हा असा चालतो.

म्हणजे मी खेळते तेव्हा माझे फटके माझ्याबरोबर खेळणारा प्रतिस्पर्धी लिहितो. त्याला मार्कर म्हणतात. मीही त्याच्या किंवा तिसऱ्या कुणाच्या कार्डावर लिहीत असते. अठरा होल, म्हणजे चेंडू टाकायचे अठरा खळगे, अठरा चौकोन, प्रत्येकात एक आकडा. कमी फटके ज्याचे, तो पुढे. ठरलेल्या फटक्यांना म्हणतात पार, एक कमी झाला तर बर्डी, दोन कमी झाले तर ईगल, एक जास्त झाला तर बोगी. एवढं आजच्यापुरतं पुरे आहे.

फक्त एक नियम नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. सही केलेल्या कार्डावर एखाद्या होलसमोर खऱ्यापेक्षा कमी आकडा असेल, तर खेळाडू स्पर्धेतून बाद. आणि खऱ्यापेक्षा जास्त आकडा असेल, तर तो जास्तीचा आकडाच खरा धरायचा. परत सांगते: कमी लिहिला तर बाद, जास्त लिहिला तर तोच कायम. बेरीज चुकली तर ती आयोजकांनी बघायची. पण चौकोनातला आकडा खेळाडूचा.

आता ती गोष्ट. मी ती घरी सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितली आहे. आज तुम्हाला सांगते.

तारीख १४ एप्रिल १९६८, रविवार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा, आणि तिथल्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे विसेन्झो मैदानात उतरला, त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. ब्युनोस आयर्सच्या बाजूला वाढलेला हा माणूस. लहानपणी कॅडी होता, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलत खेळ शिकला. आदल्याच वर्षी, १९६७ साली, इंग्लंडमध्ये हॉयलेकला त्यानं जॅक निकलसला मागे टाकून ब्रिटिश ओपन जिंकली होती. गावोगाव, देशोदेशी फिरून दोनशेहून अधिक स्पर्धा जिंकलेला, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा गडी.

पहिला होल, पार चार. दे विसेन्झोचा पहिला फटका झाला. दुसरा त्यानं नऊ नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी टोकाच्या काठीनं, मारला आणि चेंडू खळग्यात गडप! चारच्या जागी दोन. ईगल. दिवसाची सुरुवात, वाढदिवस, आणि हा फटका. भोवतीच्या लोकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. दुसऱ्या होलला बर्डी, तिसऱ्याला बर्डी. तीन होलांत चार फटके वाचवले, मंडळी. पहिले नऊ होल त्यानं ३१ फटक्यांत संपवले.

त्याच्या मागच्या जोडीत अमेरिकेचा बॉब गोल्बी होता, आणि तोही स्वस्थ बसलेला नव्हता. तेराव्याला बर्डी, चौदाव्याला बर्डी, पंधराव्याला ईगल. हा गोल्बी लक्षात ठेवा. या गोष्टीत लोक त्यालाच विसरतात.

दे विसेन्झो सतराव्यावर आला. पार चार. दुसरा फटका त्यानं खळग्याच्या अगदी जवळ टाकला आणि पटरनं चेंडू आत ढकलला. तीन फटके, बर्डी. हे काठावरच्या लोकांनी पाहिलं, टीव्हीसमोर बसलेल्यांनी पाहिलं. तीन फटके. अठराव्याला मात्र त्याचा दुसरा फटका भरकटला आणि चारच्या जागी पाच लागले. बोगी. दिवसभरात एवढं सुंदर खेळून शेवटच्या होलला माती झाली, या एकाच विचारानं तो खट्टू झाला.

अठराव्या ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बाजूला उघड्यावरच टेबल मांडलेलं होतं. तिथे बसून कार्ड द्यायचं. त्याचं कार्ड लिहिणारा होता टॉमी ॲरन. गर्दी, गलका, टीव्हीवाले बोलवायला उभे, आणि डोक्यात तो शेवटचा पाच. दे विसेन्झोनं कार्ड घेतलं, सही केली, उठला.

सतराव्या होलसमोर ॲरननं चार लिहिला होता.

तीनच्या जागी चार. ॲरनचा काही डाव नव्हता, दिवसभर दोघं गुण्यागोविंदानं खेळले होते. हात चुकला, बस. थोड्या वेळानं ॲरनच्याच लक्षात आलं की बेरीज ६६ दिसते आहे, हा तर ६५ खेळला! पण खेळाडू टेबल सोडून गेला होता. सही झाली होती. जास्त लिहिला तर तोच कायम.

आता हिशेब बघा. गोल्बीची चार दिवसांची बेरीज २७७. दे विसेन्झोची खरी बेरीज २७७. बरोबरी. म्हणजे दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोघांनी पुन्हा अठरा होल खेळायचे आणि त्यात जो जिंकेल तो विजेता. पण कार्डावर २७८ होते. आयोजकांची धावपळ उडाली. स्पर्धेचे संस्थापक बॉबी जोन्स तेव्हा खूप आजारी होते, त्यांच्यापर्यंत प्रश्न गेला. पळवाट काही निघाली नाही. २७८ कायम. गोल्बी विजेता, दे विसेन्झो दुसरा.

आणि मग तो पत्रकारांसमोर आला. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. तो म्हणाला, केवढा मूर्ख मी! ॲरनला त्यानं बोल लावला नाही, उलट त्यालाही माझ्याइतकंच वाईट वाटत असेल, म्हणाला. गोल्बीचं अभिनंदन केलं आणि म्हणाला, त्यानं माझ्यावर एवढा दाब आणला की माझं डोकंच चालेना. वाढदिवसाच्या संध्याकाळी, हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर, श्रोतेहो, हा माणूस एवढं बोलला. मी हे कितीदाही सांगितलं तरी इथे माझा आवाज थोडा बदलतो.

पुढे काय झालं, तेही सांगते. दे विसेन्झोला जगानं डोक्यावर घेतलं. १९७० साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं खिलाडूवृत्तीसाठीचा बॉब जोन्स पुरस्कार त्याला दिला, तोही योग्यच. गोल्बीच्या वाट्याला मात्र पत्रं आली. तू फसवून जिंकलास, मास्टर्सच्या विजेत्याला मिळतो तो हिरवा कोट परत कर, अशा अर्थाची, ढिगानं. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? ६६ फटके मारले, खरे मारले, खरे लिहिले. सोमवारी पुन्हा खेळायची त्याची तयारी होती, आणि कदाचित तो तेव्हाही जिंकला असता. मोठ्या स्पर्धांमधलं ते त्याचं एकुलतं एक जेतेपद, आणि ते त्याला कधी मोकळेपणानं मिरवता आलं नाही. हरलेल्यावर माया करताना जिंकलेल्याला चोर ठरवायची आपली सवय फार वाईट आहे. निवडणुका असोत, शाळेतली वक्तृत्व स्पर्धा असो, की घरातला कॅरम. गोल्बी २०२२ साली गेला. त्याच्या बाजूनं बोलणारे मला फार भेटले नाहीत, म्हणून मी बोलते.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एक व्यावसायिक स्पर्धा पाहायला गेले होते. सगळे लोक अठराव्या ग्रीनभोवती, आणि मी कार्डं देतात त्या जागेजवळ. एक तरुण खेळाडू आत येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. कार्ड घामानं मऊ पडलेलं, मधोमध घडी घातलेली. पेन्सिल बोटभर. त्यानं तर्जनी पहिल्या चौकोनावर ठेवली आणि ओठ हलवत एकेक आकडा वाचायला सुरुवात केली, पोथी वाचावी तसा. समोरच्याकडे दुसरं कार्ड, तोही वाचतोय. नवव्यावर थांबला, डोळे मिटले, तो होल मनात पुन्हा खेळला, आणि मग बोट पुढे सरकलं. सही करायला त्यानं जेवढा वेळ घेतला, तेवढा आपण घराचं खरेदीखत करतानाही घेत नाही. आणि हे मी कळकळीनं सांगते, मंडळी: बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या सभेत समोर आलेल्या कागदावर ‘इथे करा, इथे करा’ म्हटलं की आपण सह्या ठोकत सुटतो. वाचायला दोन मिनिटं मागायची लाज वाटू देऊ नका. माझ्या आईला एकदा अशाच न वाचलेल्या अर्जापायी सहा महिने हेलपाटे पडले होते.

असो. दे विसेन्झो एकटा नव्हता. १९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबात अमेरिकेची महिला ओपन झाली. हवाईची जॅकी पंग सगळ्यात कमी फटक्यांत आली. तिची बेरीज बरोबर होती. पण चौथ्या होलसमोर सहाच्या जागी पाच लिहिला गेला होता. कमी लिहिला तर बाद. ती बाद झाली, जेतेपद बेट्सी रॉल्सला गेलं. तिथल्या क्लबाच्या लोकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी वर्गणी काढून पंगला पैसे दिले, आणि ती रक्कम विजेतीच्या बक्षिसापेक्षाही मोठी झाली. २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इंग्लंडचा मार्क रो तिसऱ्या दिवशी ६७ खेळला, पण सुरुवातीला त्यानं आणि येस्पर पार्नेविकनं कार्डांची अदलाबदलच केली नव्हती. एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावाखाली. दोघंही बाद. आणि फार जुनं कशाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथसारखा खेळाडू लॉस एंजेलिसच्या रिव्हिएराला बाद झाला. चौथ्या होलला चार लागले होते, कार्डावर तीन होता. त्यानंही लगेच जाहीर सांगितलं की चूक माझी.

माझं मत विचाराल तर, कमी लिहिला तर बाद, हे मला पटतं. कारण फटके मोजायला तिथे दर पावलावर पंच नसतो. झुडपाआड चेंडू हलला तर खेळाडूनं स्वतः सांगायचं असतं. याच बॉबी जोन्सनं १९२५ च्या अमेरिकी ओपनमध्ये दुसऱ्या कुणी न पाहिलेला दंडाचा फटका स्वतःवर लावून घेतला होता, आणि पुढे जेतेपद गमावलं. त्या खेळात कागद खरा असलाच पाहिजे. पण जास्त लिहिला तर तोच कायम, हे मला आजही पटत नाही. स्वतःचं नुकसान करायला कुणी खोटं लिहीत नाही. तिथे हिशेब दुरुस्त करून द्यायला हवा. दूधवालासुद्धा देतो.

आपल्याकडे गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, एवढं बोलून विषय संपतो. मला त्याचं वाईट वाटतं. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर कॅडी होता. ती स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकणारा चौरसिया हा कोलकात्यात गोल्फ मैदानाची निगा राखणाऱ्या माळीबाबांचा मुलगा. आणि आपला पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो कसा? अर्जेंटिनाच्या एका खेळाडूनं नाव मागे घेतलं, म्हणून यादीत त्याला जागा मिळाली. दे विसेन्झोच्याच अर्जेंटिनाच्या. मी ती बातमी वाचली तेव्हा मला पहिली आठवण ऑगस्टाच्या त्या टेबलाची झाली.

दे विसेन्झो २०१७ साली गेला, ९४ वर्षांचा होऊन. त्याआधी १९८० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, अमेरिकेत ज्येष्ठांची पहिली ओपन झाली, ती त्यानं जिंकली. कुठे? विंग्ड फूटला. जिथे जॅकी पंगचं जेतेपद एका आकड्यापायी गेलं होतं, तिथेच.

राहिला टॉमी ॲरन. चार लिहिणारा. पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, ऑगस्टालाच, मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी तो जेतेपदासाठी झुंजत होता. त्या दिवशी त्याचं कार्ड लिहायचं काम जॉनी मिलरकडे होतं. खेळ संपला, कार्ड हातात आलं. ॲरन बसला आणि वाचू लागला. एका होलसमोर मिलरनं चुकीचा आकडा टाकला होता. ॲरननं बोट ठेवून तो दाखवला, दुरुस्त करून घेतला, आणि मगच खाली सही केली. त्या वर्षीची मास्टर्स त्यानं जिंकली, एका फटक्यानं.

नमस्कार.